डावी गाडी आणि एमिलचे दात

रोलर कोस्टरमध्ये बसण्याआधी कवळी काढून बायकोच्या हातात द्यायची, हा निर्णय एमिल कुखारने सोळा वर्षांपूर्वी घेतला. त्याआधीची कवळी पहिल्याच उतारावर खाली दरीत गेली होती आणि (एमिलच्या मते) अजून तिथेच झाडाझुडपांत हसत पडली असणार. निर्णय शहाणपणाचा होता. एमिलने आयुष्यात घेतलेला तो बहुधा एकमेव शहाणपणाचा निर्णय, आणि नेमक्या त्यानेच त्याचा घात केला.

एमिल पिट्सबर्गजवळच्या आमच्या गावात पाणीखात्यात कारकून होता. पण त्याची खरी ओळख म्हणजे वनभोजनाचा अध्यक्ष. दर जुलैत त्याच्या सासरची साठ-पासष्ट माणसं गावाबाहेरच्या पार्कात जमत. अध्यक्ष म्हणून त्याला कुणी निवडलं नव्हतं. तो पहाटे जाऊन स्वयंपाकघरातली मोडक्या पाठीची खुर्ची चार नंबरच्या मांडवात ठेवून यायचा, एवढंच. आमच्याकडे खुर्ची ठेवली की जागा आपली होते, मग ती रस्त्यावर गाडी लावायची असो नाहीतर अध्यक्षपदाची. त्याची बायको आयरीन दोन दिवस आधीपासून चारशे पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, लाटायची, भरायची, उकडायची आणि परतायची. तिच्यासाठी कुठलंही पद नव्हतं.

त्या पार्कात एक जुना, पांढऱ्या लाकडांचा रोलर कोस्टर आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि शर्यत लावतात. एमिलचा त्याच्यावर इतका जीव, की आपल्या मुलीचं बारसं तो विसरला होता पण या कोस्टरच्या रंगरंगोटीची तारीख त्याला पाठ होती. जेवणं झाली की तो खुर्चीवर चढायचा.

"यातली गंमत ठाऊक आहे का कुणाला? रूळ दोन दिसतात, पण आहे एकच! डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे येते, आणि उजवीकडून सुटलेली—"

इथवर येईतो सगळी मंडळी मोहरीची चटणी शोधायला उठलेली असत. एकतीस वर्षं हे भाषण झालं आणि एकतीस वर्षं चटणी नेमकी तेव्हाच हरवली.

साडू हे नातं मुळात तुलनेसाठीच निर्माण झालेलं आहे. एमिलचा साडू चेस्टर ओहायोत राहायचा. त्याच्या घराजवळही एक पार्क होता आणि त्यातही असाच शर्यतीचा लाकडी कोस्टर होता. वयाने लहान, पण उंचीने मोठा. ईस्टरच्या जेवणाला चेस्टर आला आणि हॅम कापता कापता त्याने विषय काढला.

"तुमच्या कोस्टरात शर्यत कसली रे, एमिल? रूळ एकच! म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःच्या मागे पळायचं."

"आणि तुमच्याकडे? दोन रूळ आहेत ना? जोडीने सुटतात आणि अर्ध्या वाटेत तोंड फिरवून दोन दिशांना जातात. त्याला शर्यत नाही, घटस्फोट म्हणतात."

"उंची बघ आमची, उंची! तुमचं म्हणजे कुंपणावरून उडी मारल्यासारखं."

"उंची काय चाटायचीय? आमच्या गाड्या इतक्या जवळून जातात, की शेजारच्या गाडीतल्या माणसाची टोपी काढून घेता येते."

"मग ती शर्यत नाही, चोरी झाली." चेस्टरने सुरी खाली ठेवली. "मी म्हणतो, वनभोजनच ओहायोला हलवू. तिथे सगळं आयतं ताटात मिळतं."

एमिलला समोर आपली मोडक्या पाठीची खुर्ची दिसली, रिकामी.

"आयतं म्हणजे?" आयरीनने बहिणीला विचारलं.

"हात धुवायचे आणि बसायचं," डोलोरेस म्हणाली.

आयरीनने पिठाचा हात बराच वेळ पुसला.

एमिलने तिथल्या तिथे आव्हान दिलं. जुलैत आपल्या कोस्टरवर शर्यत. जो जिंकेल त्याच्या पार्कात यापुढे वनभोजन, आणि हरणाऱ्याने पुढच्या वनभोजनात जिंकणाऱ्याच्या कोस्टरमधून फिरून यायचं आणि उतरल्या उतरल्या सर्वांसमोर, खणखणीत आवाजात सांगायचं, की हाच जगात चांगला. पाणीखात्यातला माणूस, सगळं लेखी हवं. त्याने कागदी रुमालावर लिहिलं : 'डावी गाडी पहिली आली तर एमिल. उजवी पहिली आली तर चेस्टर. आयरीनचा निकाल अखेरचा.'

"निकाल मी द्यायचा?" आयरीनने विचारलं.

"तूच. तुझ्याइतकं निःपक्षपाती कोण आहे? तुला यातलं काही कळतच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि रुमालाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली.

जुलै उजाडला. जड गाडी उतारावर जास्त पळते, हे एमिलला पक्कं ठाऊक होतं. त्याने डाव्या गाडीत घरातले सगळे वजनदार काका भरले. (सकाळपासून त्यांना भाजलेला किलबासा सॉसेजही तोच आग्रहाने वाढत होता. प्रेम, दुसरं काय!) चेस्टरच्या वाट्याला मुलं आणि दोन सडपातळ मावश्या आल्या. एमिलने कवळी काढली, आयरीनच्या हातात दिली आणि अंगठा उंचावून निघाला.

गाड्या चढल्या, कोसळल्या, दरीत शिरल्या. आंद्रे काका पहिल्या उतारावर देवाचं नाव घेत होते आणि शेवटच्या उतारावर किलबासाचं. पण एमिलची गाडी पूर्ण दोन डबे पुढे राहून थडकली. एमिल दोन्ही हात वर करून उठला. समोर आयरीन रुमाल उलगडून उभी होती.

"उजवी गाडी पहिली," तिने वाचून जाहीर केलं. "चेस्टर जिंकला."

"ही माही गाही आहे!" एमिल ओरडला. "हुटटाना डावी होटी!"

"काय म्हणतोय तो?" पलीकडून चेस्टरने विचारलं.

"अभिनंदन म्हणतोय."

"डाट डे! आढी डाट डे!"

"आधी निकालाच्या टाळ्या होऊ देत," आयरीन म्हणाली. टाळ्या झाल्या. मग तिने दात दिले.

"अरे, रूळ एकच आहे!" दात बसवत एमिल किंचाळला. "डावी सुटते ती उजवीकडे येते! एकतीस वर्षं घसा कोरडा करतोय मी!"

"कधी?" आंद्रे काकांनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं.

"असं काही असेल तर आम्हाला आधी सांगायला नको का?" एक मावशी म्हणाली.

आयरीनने रुमाल त्याच्यासमोर धरला. "'पहिली आली तर' असं लिहिलंयस, एमिल. 'पहिली सुटली' असं नाही. अक्षर तुझंच आहे."

घरी जाताना खुर्ची मागच्या सीटवर आडवी पडली होती. एमिल आयरीनकडे वळला.

"तुला माहीत होतं."

"सोळा वर्षं तू डावीकडून जातोस आणि मी कवळी घेऊन उजवीकडे उभी असते. तुला काय वाटलं, दरवर्षी मी वाट चुकते?"

"मग असं का केलंस?"

"चारशे पिरोगी, एमिल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता.

एमिलला वाईट वाटलं. पण त्याहून खरं सांगायचं तर, एवढ्या माणसांत आपलं भाषण एका बाईने तरी शेवटपर्यंत ऐकलं, याचा त्याला क्षणभर फार आनंद झाला. मग ते ऐकून तिने काय केलं हे आठवलं आणि तो आनंदही ओसरला.

पुढच्या जुलैत सगळे ओहायोला. आयरीन हात धुऊन बसली, आयतं जेवली, वर दोनदा मागून घेतलं. मग एमिलच्या शिक्षेची वेळ आली. त्याने कवळी काढून तिच्या हातात ठेवली आणि नेहमीसारखं पलीकडे बोट दाखवलं.

"एमिल, अरे इथे रूळ—"

"मला हिकवू नकोह! नेहमीच्या जागी जा!"

ती गेली. एमिल डावीकडून सुटला, सगळे उतार उतरला आणि डावीकडेच परत आला. तिथे चेस्टरने पासष्टच्या पासष्ट माणसं गोळा करून ठेवली होती. पलीकडे, दोन रूळ ओलांडून, आयरीन एका हातात आइस्क्रीम आणि दुसऱ्यात त्याचे दात घेऊन उभी होती.

"खणखणीत आवाजात!" चेस्टरने आठवण करून दिली.

"ओहायोही गाही जगाट हांगली."

"कळलं नाही! पुन्हा!"

"ओहायोही गाही जगाट हांगली!"

"काय म्हणतोय तो?" आंद्रे काकांनी पलीकडे हाक मारून विचारलं.

आयरीनने आइस्क्रीमचा घास गिळला. "रूळ एकच आहे, म्हणतोय!"

हे ऐकताच पासष्टच्या पासष्ट माणसं, सवयीने, मोहरीची चटणी शोधायला निघून गेली. चेस्टरसुद्धा.