मोटारघराचं दार

खंडेरावांनी पाचव्यांदा दांडा फिरवला. अर्ध्या वेढ्यावर तो अडला, साखळी करकरली आणि परसातल्या मोटारघराचं वर चढणारं दार जागचं हललं नाही. मोटार आत अडकलेली, आणि नऊच्या गाडीनं मनमाडचे यादवराव खंडेरावांच्या लेकीला, चंद्रभागेला, सून म्हणून पाहायला नाशिकरोडला उतरणार होते. “स्टेशनावर आमची मोटार हजर असेल,” असं खंडेरावांनीच त्यांना लिहिलं होतं, आणि त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. आधीची दोन स्थळं परत गेली होती, त्यामुळे हे तिसरं हातचं जाऊ द्यायला ते तयार नव्हते.

त्यांनी चाकाला एरंडेल पाजलं, तर साखळी चाकावरून घसरू लागली. गडी कोंडाजीनं पहार घालून दार उचकटलं, तर फळी चिरली. खंडेरावांचा नवा कोट तेवढा काळा झाला. शेवटी हे दार बसवणाऱ्या हनीफ मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला.

“साहेब, चाक ठीक, साखळी बी ठीक. पण दाराचं वजन तोलायला मी साखळीच्या पलीकडच्या टोकाला पाटा टांगला होता, तो कुठं गेला?”

“बाईंनी मागितला,” कोंडाजी म्हणाला. “म्या शिडी लावून काढून दिला.”

खंडेराव तरातरा स्वयंपाकघरात गेले. वत्सलाबाई त्याच पाट्यावर पुरण वाटत होत्या.

“अहो, तुम्ही माझा पाटा दाराला टांगलात आणि मला नवा आणून दिलात. नव्याची कचकच पुरणात येते. व्याह्यांच्या दाताखाली खडा आला, तर तुमची मोटार काय चाटायची? पुरण झालं की न्या.”

पुरण होईपर्यंत नऊची गाडी कधीच येऊन गेली होती, आणि यादवराव बायकोमुलासह धुळीनं माखून टांग्यातून दारात उतरले.

खंडेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणं होईतो ते मान वर करेनात. पानावरून उठल्यावर मात्र यादवरावच ओसरीवर बसून मोकळेपणानं बोलू लागले.

“खरं सांगू? तुमचं पत्र आल्यापासून आमच्या घरात कुणाला झोप नाही. मोटारीत फिरलेली पोर आमच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत कशी नांदणार? स्टेशनावर तासभर वाट पाहिली, मोटार काही आली नाही, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. म्हटलं, थाप आहे. माणूस आपल्यासारखाच दिसतोय. मुलगी पसंत आहे आम्हाला.”

खंडेरावांची कानशिलं तापली. अख्ख्या नाशकात मिरवलेली मोटार, आणि थाप? ते तोंड उघडणार, तोच परसातून हनीफची हाक आली, “साहेब, पाटा लावला. दार चढलं बघा.”

“कसलं दार?” यादवरावांनी विचारलं.

खंडेरावांनी माजघराच्या उंबऱ्याशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. ती यादवरावांच्या मुलाकडे चोरून बघत होती, आणि खुशीत होती.

“गोठ्याचं,” ते म्हणाले. “म्हैस आत अडकली होती.”