काट्याचा काय दोष

मापाचा कप सकाळीच ओट्यावरून पडून फुटला आणि केकच्या कृतीत तेल, मध सगळं मिलिलिटरमध्ये. घरात उरला तो सासूबाईंचा नवाकोरा वजनकाटा. पण पुण्याहून इंदूरला आलेली एम.एस्सी. सून एवढ्याने डगमगते होय! शमिकाने पदर नसतानाही तो खोचला.

"पाचशे मिली तेल मंजे पाचशे ग्रामच ना ग?" शालिनीबाईंनी विचारलं.

"असं कसं, आई? तेल हलकं, मध जड. प्रत्येकाची घनता वेगळी. तुम्ही तर दूधसुद्धा किलोनं आणता!"

"आमच्या इंदौरमधे असंच बोलतात बेटा," म्हणून सासूबाईंनी काटा पुढे सरकवला. शमिकाने मोबाइलवर झरझर हिशेब केला आणि भांड्यात धार सोडली.

संध्याकाळी भिशीच्या बायका जमल्या. केकचा तुकडा उचलला की बशीत तेलाचं तळं राही, आणि गोडाच्या नावानं ठणठणगोपाळ. इंदुरी बायकांना बाकी काही चालेल, अगोड गोड चालायचं नाही.

"भजी एकदम बढिया झाली," मंजिरीकाकू बोटं पुसत म्हणाल्या, "बस, मिरची कम पडली."

सगळ्या खो खो हसल्या. शमिकाचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "आई, तुमचा काटाच खराब आहे!"

वाईट एवढंच झालं की शालिनीबाईंनी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी काटा पिशवीत घालून त्या तडक अन्नपूर्णा भागातल्या, तो जिथून घेतला त्या दुकानात गेल्या. थोड्याच वेळात शमिकाला त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"बघ, याला तूच समजव. ऐकूनच नाही राहिला!"

पडद्यावर दुकानदार, मागे जमलेली गिऱ्हाइकं आणि मधे काट्यावर तेलाची पिशवी. "देखो मैडमजी, थैली पे छपा है, एक लीटर, नौ सौ दस ग्राम. काटा भी वोई बता रिया है."

आता शमिकाला चूक उमगली. तेल हलकं, म्हणजे ग्रॅम कमी भरायला हवेत. तिने पाचशेचे साडेपाचशेच्या घरात नेले होते, आणि मध निम्म्यावर आणला होता. घनतेनं गुणायचं तिथे तिने भागलं होतं.

"छपाई गलत होगी, भिया!" सासूबाई कडाडल्या. "मेरी बहू एम.एससी. है, वो गलत हो ही नहीं सकती!"

कालचं हसणं परवडलं, पण हा विश्वास नको, असं शमिकाला झालं. धरणी दुभंगली असती तर ती मोबाइलसकट आत गेली असती.

"आई, फोन कानाला लावा ना," ती कशीबशी म्हणाली. "काटा बरोबर आहे. हिशेब माझा चुकला. तुमचं ऐकून पाचशे ग्रॅम घेतलं असतं, तरी बरं झालं असतं."

एवढ्या लोकांत सासूबाईंना आता माफी मागावी लागणार, तीही आपल्यापायी. शमिकाने डोळे घट्ट मिटून घेतले.

मग शालिनीबाईंचा आवाज आला, पहिल्यापेक्षा ठणठणीत. "लाओ भिया, काटा वापस दो. बहू ने फोन पे ही ठीक कर दिया!"