घासूनपुसून चकचकीत टोपली

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करत होता. राज्य कसलं, शेजारच्या जंगलातल्या वाघाकडे काय काय आहे ते बघून झुरत होता. शेजाऱ्याने काचेचं तळं बांधलं, हे कळल्यापासून तर त्याला शिकार गोड लागेना.

"आपल्यालाही काचेचं तळं हवं," तो मोराला म्हणाला. "आणि आठ दिवसांत हवं. शेजारी आपल्याकडे जेवायला येणार आहे."

मोर हा राज्याच्या सुशोभीकरण खात्याचा प्रमुख होता. का होता, असं विचारू नका. त्याला पिसारा होता आणि दरबारात तेवढं पुरायचं.

तळं चार दिवसांत उभं राहिलं. मासे आणायचे होते दरबारामागच्या जुन्या दगडी हौदातून. त्या हौदाची राखण दगडू नावाचा म्हातारा खेकडा करायचा. हौदावर एक टोपली टांगलेली होती. तिच्यात भोकाभोकांचे दगड आणि काथ्या भरलेला. माकडं हौदातलं पाणी उपसून टोपलीत ओतायची आणि ते झिरपून परत हौदात पडायचं. अकरा वर्षांत टोपली आतून तपकिरी, बुळबुळीत झाली होती. बघणाऱ्याला शिसारी यायची, पण मासे ठणठणीत होते. शेवंती नावाच्या मासोळीला तर नुकतीच नऊ पिल्लं झाली होती, आणि दगडू दिवसभर ती बघत बसायचा.

तळ्याची बातमी ऐकून दगडू दरबारात आला. तिरका चालत आला. तेव्हा हा बोलणारही तिरकंच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"म्हाराज, नव्या पाण्यात मासं एकदम सोडू नगा," तो म्हणाला. "मासा पाण्यातच खातो आन् पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं इख होतं. माझ्या टोपलीतल्या बुळबुळीत बारकं जीव ऱ्हात्यात. डोळ्याला दिसत न्हाईत, पर ते इख खाऊन टाकत्यात. नव्या तळ्यात ते आपसूक यायचं म्हंजी दीड म्हैना गेला."

"आणि पाहुणे चार दिवसांवर आलेत," मोर म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो, ही टोपलीच न्या. वलीच न्या, हाय तशी टांगा. बारकं जीव आयतं नव्या घरी जातील. फकस्त धुऊ नगा आन् वाळू देऊ नगा. ते मेलं तर मासं बी मेलं म्हणून समजा."

वाघाने टोपली न्यायचा हुकूम दिला. इथपर्यंत सगळं शहाणपणाने झालं, हे मला मान्य केलंच पाहिजे.

टोपली मोराच्या ताब्यात आली. मोराने नाकाला पंख लावला.

"नव्या घरात जुनी केरसुणी तरी नेतं का कोणी?" तो माकडांना म्हणाला. "साधी रीतभात आहे. पण महाराजांचा हुकूम आहे, तेव्हा न्यावी तर लागेल. शुद्ध करून नेऊ."

मग माकडांनी ती टोपली गरम पाण्याच्या झऱ्यावर नेली. राखेने घासली. रिठ्याने घासली. दगड एकेक करून चोळले, काथ्या पिळला आणि सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. टोपली नव्यासारखी दिसू लागली. तिच्यातला एकही जीव वाचला नव्हता. ते दिसत नव्हते, त्यामुळे मेलेलेही कोणाला दिसले नाहीत.

उद्घाटन झोकात झालं. शेजारच्या वाघाने वेल कापली. हौदातले सगळे मासे तळ्यात ओतले गेले. येणारा जाणारा प्रत्येक जण कौतुकाने मूठमूठ लाह्या टाकत होता. संध्याकाळपर्यंत जुना हौद मातीने बुजवून त्यावर झेंडू लावून झाला. दगडूला बोलावलं नव्हतं. समारंभात खेकडा बरा दिसत नाही, असं मोराचं मत पडलं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडायला लागले.

"बघा, महाराजांचा जयजयकार करतायत!" मोर म्हणाला. दरबाराने टाळ्या वाजवल्या आणि आणखी लाह्या टाकल्या.

तो जयजयकार बघायला गर्दी जमली, तिच्यात दगडूही आला. त्याने आधी टोपलीकडे पाहिलं.

"धुतली व्हय रं तुम्ही?"

"चांगली दोनदा," मोर अभिमानाने म्हणाला.

"आरं, श्वास कोंडलाय त्यांचा! लाह्या बंद करा. निम्मं पाणी आत्ताच्या आत्ता बदला, आन् रोज बदला. अजून वाचतील."

"पाणी बदलू? एवढं नितळ पाणी? तळ दिसतोय, दगडू, तळ! तुझ्या हौदात कधी दिसला होता?"

शेवंती काचेपाशी आली. तिचे कल्ले लाल झाले होते.

"दगडूदादा, माझं राहू दे," ती म्हणाली. "पोरांना तेवढी ओढ्यात सोड."

दगडू काचेवर चढायला लागला. काच गुळगुळीत होती. तो हातभर चढला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. मुलांनो, एवढा दरबार भरला होता, कोणी त्याला खांदा दिला असता तर काम झालं असतं. कोणी दिला नाही. मला त्या मोराचा राग येतो, पण त्या बघ्यांचा जास्त येतो.

तिसऱ्यांदा तो घसरला तेव्हा मोराने पहारेकऱ्यांना हाक मारली. काचेवर डाग पाडल्याबद्दल दगडूला जंगलाबाहेर काढण्यात आलं.

पाचव्या दिवशी जयजयकार थांबला.

मोठे मासे माकडांनी जाळीने काढून टाकले. शेवंतीची पिल्लं बारीक होती. ती तळाच्या खड्यांत गेली आणि तिथेच कुजली. त्या कुजण्यावर, दगडू म्हणाला होता तसे, ते न दिसणारे जीव आपसूक आले. हळूहळू खड्यांवर वाढले, टोपलीत वाढले. दीड महिन्याने मोराने नदीतून नवे मासे आणून सोडले आणि ते छान जगले.

वाघाने मोराचा भर दरबारात सत्कार केला. आसपासच्या जंगलांतून विचारणा झाली, तेव्हा मोराने काचेच्या तळ्याची रीतसर पद्धत लिहून दिली: आधी टोपली स्वच्छ घासावी, मग तळंभर मासे सोडावेत, ते संपले की दुसरे सोडावेत. आज सगळीकडे असंच करतात.

तात्पर्य: आपल्या हातून कोणी मेलं, तर मुळीच खचून जाऊ नये. दीड महिना थांबावं. मेलेल्यांच्या जिवावर सगळं सुरळीत होतं आणि हार आपल्याच गळ्यात पडतो.