सुरतले जाईन ते!

नदीच्या बाजूला कुणी साधी बिस्किटाची पुडी फेकली, तरी आमचे शेजारचे नाना ओट्यावरून ओरडतात, "अय! सुरतले जाईन ते!"

नानांचा एकुलता एक मुलगा सुरतला नोकरीला. आणि आमची तापी इथून, रावेरच्या केळीच्या शेतांना वळसा घालून, शेवटी सुरतेलाच जाते. तिकडच्या नळाला तिचंच पाणी. एवढा भूगोल नानांनी अख्ख्या गावाला पाजलाय. मधे मोठं धरण आहे म्हटलं तर म्हणतात, "धरन काय गाळनी हाये का?" समजावून थकलोय मी.

खरा तंटा पिशव्यांचा. केळीच्या घडाला डाग पडू नयेत म्हणून आम्ही शेतकरी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतो. घड कापला की ती निकामी. चीक लागलेली पिशवी भंगारवाला घेत नाही, आणि धुवायला मजूर लावावेत तर केळीचा भाव ऐकून रडू येतं. मग नदीकाठी ढीग. पूर आला की तापीमाय नेते, काठ स्वच्छ अन् गाव मोकळं. नाना दारोदार विनवून आले. जो तो म्हणे, "आधी त्याला सांगा." तो मला दाखवी, मी त्याला.

यंदा पावसाळा तोंडावर आला तसे नाना स्वतःच ढीग उपसायला लागले. म्हातारा माणूस, धोतर खोचलेलं, हात चिकाने काळेकुट्ट. बघवेना. शेवटी चडफडत मीही एक गठ्ठा उचलला आणि नानांच्या मागोमाग त्यांच्या घराच्या माडीवर चढलो.

माडीवरची खोली मुलाची. त्याच्या लग्नात हौसेने बांधलेली. आत बघतो तर छतापर्यंत पिशव्या! पलंगसुद्धा गाडला गेलेला.

माझं डोकंच फिरलं. "अहो नाना, पोरगा आला तर झोपेल कुठे?"

नानांनी गठ्ठा पायाने आत रेटला. "कुठी येतो रे भाऊ तो? फोन बी नही करत."

दाराला टेकून जरा दम खाल्ला.

"पन पानी त आपलंच पेतो ना!"

खाली काठावर अजून माझ्याच शेतातला ढीग पडला होता. तो आणायला मी जिना उतरलो.