अकराने भाग जातो

तिजोरीने दुसऱ्यांदा लाल दिवा दाखवला आणि पायरीसर मागे सरकले. आणखी एकदा चुकलं, की ती उद्यापर्यंत उघडणार नव्हती. आत बायकोचा पासपोर्ट होता, टॅक्सी तासाभरात येणार होती आणि तिकडे परदेशात लेकीचे दिवस भरत आले होते. "पासपोर्ट काय, तिजोरीतच आहे, हात घातला की निघेल," असं आठवडाभर सांगणारे सरच होते.

शाळेत गणित शिकवायचे तेव्हा पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. उत्तर बरोबर असलं तरी मधली एक पायरी चुकली, की सर शून्य द्यायचे. घरातही तोच खाक्या. तिजोरीला वाढदिवस-बिढदिवस असला सोपा आकडा नको, म्हणून त्यांनी एक देखणी संख्या लावली होती. आता तिचे गुणधर्म तेवढे आठवत होते. ती स्वतः कुठे गेली होती कोण जाणे.

"सहा आकडी," सर कपाळ चोळत म्हणाले. "उलटी वाचली तरी तीच. आणि मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही."

"भाग नका देत बसू, दार उघडा," बायको बॅगेवर बसून म्हणाली. "मला विमान गाठायचंय."

सरांनी कागद ओढला. जरा वेळाने त्यांचं पेन थांबलं. "अगं, गंमतच आहे. सहा आकडी संख्या उलटसुलट सारखी असली, तर तिला अकराने भाग जातोच. कुठलीही घे. म्हणजे अशी मूळ संख्या असूच शकत नाही."

"म्हणजे नसलेला आकडा लावलाय तुम्ही."

सर हसायला गेले, पण हसू आलं नाही. इतकी वर्षं जिचा तोरा मिरवला, ती संख्या जगात नव्हतीच. उद्या स्वतःचं नावही असंच आठवेल की काय, अशी त्यांना धास्ती वाटली. आणि आपल्यापायी ही लेकीपाशी वेळेवर पोचणार नाही, या विचाराने तर त्यांनी पेनच खाली ठेवलं.

बायकोने ते पाहिलं. तिचा आवाज खाली आला. "बरं, ही तुम्हाला भेटली कुठे?"

"फार जुनी ओळख. कुणाला तरी फोनवर ऐटीत सांगितलं होतं, ही मूळ आहे म्हणून. तरुण होतो. पडताळून पाहायला हवं होतं."

बायको उठली. तिने न अडखळता बटणं दाबली. ३७९९७३. हिरवा दिवा लागला.

"माझ्या माहेरचा जुना फोन नंबर," पासपोर्ट काढत ती म्हणाली. "बाबा तुमचे मुख्याध्यापक. त्यांना परीक्षेचं काहीतरी विचारायला केला होतात. मी उचलला, तर म्हणालात, तुमचा नंबर उलटाही तोच आहे, आणि मूळ संख्या आहे. मला वाटलं, ज्याला नुसत्या नंबरात एवढं दिसतं, त्याला आपल्यातही काहीतरी दिसेल. त्यावरच तर हो म्हटलं मी."

सरांनी तोवर भागाकार उरकला होता. "चौतीस हजार पाचशे त्रेचाळीस," ते पुटपुटले. "हीसुद्धा उलटसुलट सारखीच." मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझी पहिलीच पायरी चुकली गं. मूळ नव्हतीच ती."

"हं. आणि उत्तर?"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. सरांनी तिची बॅग उचलली आणि दारापाशी थबकले.

"उत्तर बरोबर आलं."

"मग गुण किती?"

"पैकीच्या पैकी," सर म्हणाले. "पण माझ्या जुन्या पोरांना कळू देऊ नकोस."