सखारामभाऊंची तालीम

आमच्या शेजारचे सखारामभाऊ कुणाकडे जायचं असलं की आधी बैलाशी बोलून पाहायचे. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. सकाळीच गोठ्यातून आवाज यायचा, "राम राम पाटील. हाव, बरं हाय. नाही, चहा नको." पवळ्या कडबा चघळत ऐकून घ्यायचा. तालीम मनासारखी झाली की भाऊ टोपी घालून निघायचे.

अडचण एवढीच, की समोरचा माणूस तालमीप्रमाणे बोलत नसे. एकदा पाटलांनी वाटेतच विचारलं, कुठं निघालात? भाऊंनी 'चहा नको' म्हटलं आणि तसेच घरी परतले.

आमच्या सुलतानपुरात त्यांच्यासारखी वांगी कुणाची नव्हती. पण बाजारात ते टोपलीपाशी पाठमोरे बसायचे. भाव विचारला की बोटं दाखवायचे. वहिनी सांगायच्या, स्वतःच्या लग्नात यांनी हार घातला तो अंतरपाट धरणाऱ्याच्या गळ्यात.

अशा माणसाच्या एकुलत्या लेकीचं, गयाचं, लग्नाचं निघालं. देऊळगाव राजाहून पाहुणे यायचे होते. भाऊंच्या तालमी इतक्या वाढल्या, की पवळ्या त्यांना पाहून तोंड फिरवू लागला. आधाराला म्हणून त्यांनी मलाही बोलावलं.

बैल जुंपलेल्या दमणीतून पाहुणे उतरले. मुलाचे वडील भरदार मिशांचे, मोठी शेती असलेले. हातपाय धुऊन बैठकीवर बसले ते बोलेचनात. भाऊ तर आधीच गप्प. गया पोहे देऊन आत गेली. पोरगा तिला आवडला होता आणि त्याला ती, हे दाराआडच्या वहिनींनाही कळलं. पण बोलणी करणार कोण? मी पीकपाण्याचं काढून पाहिलं. मिशा नुसत्या हलल्या. माणूस गर्विष्ठ दिसतो, स्थळ हातचं गेलं, असं मी मनात धरून चाललो.

भाऊ मात्र मुलाच्या वडिलांच्या हातांकडे पाहत होते. ते हात उपरण्याच्या टोकाला पीळ घालत होते, सोडत होते, पुन्हा घालत होते. एकाएकी भाऊ उठले. "चला, आमचे वांगे दाखोतो तुमाले," म्हणाले.

बराच वेळ दोघं येईनात म्हणून मी मळ्यात गेलो. वाफ्याच्या कडेला दोघं शेजारी उकिडवे बसलेले. नजर दोघांचीही झाडांवर, आणि किडीपासून लेकरांच्या लहानपणापर्यंत सगळ्या गप्पा चाललेल्या. मिशीवाले चक्क खदखदून हसत होते. सोयरीक तिथंच, वांग्यांत ठरली.

दमणी गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, मलकापूरच्या व्यापाऱ्याचं स्थळही यायचं होतं. एवढ्या लवकर होकार काऊन दिला?

भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "त्या माणसाले चार लोकांत बोलाचं भेव वाटते. त्याच्या घरात माह्या गयीवर कोणी खेकसनार नाही."