गाडीला लावायची धूळ

गाएतांने नवी गाडी घेतली ती एका अटीवर, आणि ती अटही त्याने स्वतःच स्वतःला घातली होती: हिच्या अंगाला मिठाचा कण लागू द्यायचा नाही. जुनीची गत मातापेदियाच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. बर्फ वितळावा म्हणून सरकार रस्त्यावर टाकतं ते मीठ बारा हिवाळे खाऊन तिचा तळ असा सडला, की बायकोला, म्हणजे ओदेतला, पायाखालून रस्ता दिसायचा. (गाएतां म्हणायचा, "हवा खेळती राहते.")

म्हणून ऑक्टोबरातच त्याने फेर्नांच्या गॅरेजात गाडीला खालून गंजरोधक तेल मारून घेतलं.

"तीन दिवस ठिबकेल," फेर्नां म्हणाला. "तेवढ्यात कच्च्या रस्त्यावर एक चक्कर मार. तेलावर धूळ बसली की झाला पक्का थर. माझा बापही हेच सांगायचा."

सगळं खोरं हेच करतं. पण पाऊस पंधरा दिवस हटला नव्हता. गाएतां तीन गावं हिंडला. मिळाला तो चिखल. गाडीखाली तेल ठिबकत होतं आणि गाडीत गाएतांचा धीर.

तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दारापुढे हिवाळ्यासाठी उभारलेल्या कापडी मांडवात जमीन कोरडी होती. पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायच्या रेतीच्या दोन गोण्या त्याने तिथे ओतल्या आणि गाडी पुढे-मागे, पुढे-मागे, चाळीस वेळा नेली. चाकं अशी गरगरवली की रेती दारांपर्यंत उडाली.

ओदेत बाहेर आली. "मासा घोळवावा तशी घोळवलीस की रे! तळणार कधी?"

"हसून घे. वीस वर्षं टिकेल ही!"

त्या रात्री तो लहान मुलासारखा गाढ झोपला.

सकाळी मांडव हलत होता. आत घोड्याहून थोराड मूस, ते लांब नाकाचं हरीण, डोळे मिटून गाडीचं दार चाटत होतं.

"ओदेत! याला वेड लागलंय!"

ओदेत कॉफीचा कप घेऊन शांतपणे रिकाम्या गोणीपाशी गेली. "यावर काय लिहिलंय?"

"रेती."

"पुढे वाच."

"...आणि मीठ."

"बर्फ नुसत्या रेतीने वितळतो होय? दर वर्षी तूच आणतोस ना ही गोणी?" ती कॉफीचा घोट घेत म्हणाली. "सरकार निदान बर्फ पडेपर्यंत थांबतं रे."

गाएतां पायरीवरच बसला. मूस अर्ध्या तासाने ढेकर देऊन निघून गेलं, तेव्हा कुठे ओदेतने फोन करून बोलावलेला फेर्नां गाडीजवळ जाऊन वाकला.

"डावी बाजू लख्ख आहे," तो म्हणाला. "मला काही एवढी जमायची नाही. तळ उद्या धुऊन पुन्हा तेल मारू. पण ही उजवी बाजू..."

"गाडी उलट्या तोंडाने लाव म्हणावं," ओदेत म्हणाली. "येईल ते पुन्हा."

गाएतांला ते फार झोंबलं.

संध्याकाळी ओदेतने खिडकीतून पाहिलं. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, नवरा हळूच गाडी मांडवात उलटी घालत होता.